आत्याबाई आणि लाटांचं तळं

आमच्या सावडीतल्या ज्या बायका पार्कला आल्या नाहीत, त्या मला गिरणीत नाही तर स्टँडवर गाठतात आणि विचारतात, "मंगल, काय काय बघितलं गं?" मी म्हणते, "लई चांगलं व्हतं," आणि गप्प बसते. चार माणसांत बोलायचं मला जमत नाही. घरी आल्यावर मात्र सगळं डोळ्यांसमोरून जातं. तोंडानं सांगता येत नाही ते लिहून तरी ठेवावं, म्हणून बसले आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचायची सवय मोडली नाही. सामान बांधून आलेला पेपरसुद्धा मी सरळ करून वाचते. आणि हे सगळं सुरूच झालं ते अशा एका पेपरामुळे.

त्या दिवशी कांदे काढायचे होते, आत्याबाईंच्या तुकड्यात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. विहिरीजवळचा तुकडा त्या अजून स्वतः बघतात, त्यामुळे सावडीत त्यांची पाळी वेगळी असते. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या रानात यायचं, उद्या तुझ्या. पाळी जिची तिचं रान, आणि ती सांगेल ते काम. मग त्या दिवशी कुणी मान-अपमान धरायचा नाही.

जेवायला बसलो. शेजारच्या कुसुमनं चटणी पेपरात बांधून आणली होती. तेलाचा डाग पडलेल्या त्या पेपरावर एक चित्र होतं. निळं पाणी, त्यात लाटा, आणि लाटांत हसणारी माणसं. आत्याबाईंनी विचारलं, "हे काय गं, समुद्र?"

मी वाचून सांगितलं, "न्हाई. पार्क आहे मुंबईकडं. पाळणे, घसरगुंड्या असं सगळं. हे लाटांचं तळं आहे. लाटा मशीननं काढतात."

आत्याबाई बराच वेळ चित्र बघत राहिल्या. मग भाकरी मोडत म्हणाल्या, "मला हितं जायचंय."

कुसुमला ठसका लागला. "काकू, लाटाच पायजेत तर समुद्र फुकट हाय की!"

"समुद्राला तळ न्हाई, बाई. आन ह्यात उतरायला पायऱ्या हायेत, बघ."

मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. आत्याबाईंचं माहेर आंबेगावच्या बाजूला, घोड नदीकाठी. लहानपणी त्या तिथल्या डोहात दिवसभर पोहायच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि पाणी सुटलं. आमच्याकडे विहिरीत गडी पोहतात, पोरं पोहतात. सुना हंडा भरून घरी येतात. तो डोह तर आता धरणाच्या पोटात गेला. साठीची बाई, लग्नापासून गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. त्यांना पाळणे बघायचे नव्हते, त्यांना पाण्यात उतरायचं होतं.

घरी मालकांना, म्हणजे शीतलच्या पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "पाण्यासाठी मुंबई कशाला? मी मोटर चालू करतो, बसा पाटाच्या दंडात." पण आईची इच्छा म्हटल्यावर नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "नीट चौकशी करा. तिकडं जाऊन आत सोडलं न्हाई तर रडत याल." आणि चौकशीचं काम माझ्यावर आलं, कारण सावडीत वाचणारी मी.

नारायणगाव

स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर सहलीची दोन पुस्तकं होती. एक रंगीत, गुळगुळीत. दुसरं जाड, साध्या कागदाचं. मी दोन्ही उघडून उभी राहिले तसा गाडेवाला म्हणाला, "ताई, घ्यायचंय का नुसतं वाचायचंय?"

मी पुस्तक खाली ठेवून निघालेच असते. पण आत्याबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "वाचल्याबिगर कसं घ्यायचं, भाऊ? तुमी टमाटं दाबून न्हाई बघत?"

गाडेवाला हसला आणि त्यानं मला बसायला स्टूल दिलं. मग मी निवांत दोन्ही पुस्तकांत त्या पार्कचं पान काढलं. रंगीत पुस्तकात पाळणा किती उंच, दरवाजा किती भव्य, हेच होतं. जाड पुस्तकात बायकांनी कपडे कुठे बदलायचे, मोऱ्या कुठे आहेत, सावलीला कुठे बसावं, हे लिहिलं होतं. हे लिहिणारा माणूस घरच्या बायकांना घेऊन गेला असणार. मी ते जाड पुस्तक घेतलं. त्यात असंही होतं की लाटांच्या तळ्याशेजारी एक लहान तळं आहे, तिथे बायका अंगावरच्या साडीनिशी उतरतात. मी ते आत्याबाईंना दोनदा वाचून दाखवलं. लुगडं न सोडता पाण्यात जायचं, म्हणजे प्रश्नच मिटला.

पण माझी मुलगी शीतल नारायणगावला बारावीला होती. ती म्हणाली, "आई, पुस्तकं जुनी असतात. वेबसाइट बघायला पाहिजे." ती सायबर कॅफेत गेली आणि त्या पार्कच्या वेबसाइटची पानं छापून घेऊन आली. सगळं इंग्रजी. शिवाय छापताना उजवीकडची बाजू कापली गेलेली, त्यामुळे प्रत्येक ओळीचा शेवट गायब. शीतल वाचायची, मराठीत सांगायची आणि शेवट अंदाजानं जोडायची. चित्रांत सगळ्या तरण्या पोरी, आमच्या वयाची एकही बाई नाही.

एका ओळीपाशी ती थांबली. "आई, इथं लिहिलंय की पाण्यात फक्त नायलॉनचे पोहायचे कपडे चालतील. साडी चालणार नाही."

दुसऱ्या ओळीत उंचीची काहीतरी अट होती, पण किती ते कापलं गेलं होतं. शीतल टेप घेऊन आजीला दाराच्या चौकटीला उभी करायला लागली. आत्याबाई ओरडल्या, "मला काय मोजतीस? मी काय ऊस हाय?"

आता खरं कुणाचं धरायचं? पुस्तक मला स्वतःला वाचता येत होतं म्हणून त्याच्यावर माझा जीव होता. वेबसाइट ताजी होती, पण ती मला दुसऱ्याच्या तोंडून कळत होती, तीही अर्धी. जे आपल्याला वाचता येतं ते खरंच असेल असं नाही, आणि जे वाचता येत नाही ते खोटं असेल असंही नाही. दोन दिवस मी पुस्तक आणि ती पानं शेजारी शेजारी ठेवून नुसती बघत राहिले. छापील पानावर खाली एक फोन नंबर होता. शीतल म्हणाली, "विचार ना सरळ."

अनोळखी माणसाला फोन करणं माझ्यासाठी पाळण्यात बसण्यापेक्षा अवघड. एसटीडी बूथच्या काचेच्या खोलीत शिरले तेव्हा मला घाम फुटला. पलीकडून एका माणसानं "हॅलो" म्हटलं. मी इतकी घाबरले होते की तोंडातून नेहमीच्या सवयीनं निघालं, "जय भीम."

मी फोन खाली ठेवायला गेले. मग आवाज आला, "जय भीम, ताई! कुठनं बोलताय?"

माझा जीव भांड्यात पडला. "पिंपळवंडीहून. आळेफाट्याजवळ."

"आरं वा, माझी मावशी मंचरला असती. बोला, काय पायजे?"

मग मी सगळं विचारलं. तो म्हणाला की साडीवाल्यांचं तळं दोन वर्षांपूर्वी बुजवलं, वेबसाइटवरची अट खरी आहे, पण घाबरू नका. पायघोळ चड्डी आणि ढगळ सदरा भाड्यानं मिळतो, सगळं अंग झाकतं. लाटांच्या तळ्याचा एक कोपरा दोरी बांधून बायकांसाठी ठेवलेला आहे. दुपारी उन्हाचं तिथं गर्दी कमी असते. उंचीची अट फक्त लहान पोरांना.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा आत्याबाईंचा चेहरा उतरला. "चड्डी? मी?" एवढंच बोलून त्या शेळ्यांना पाणी दाखवायला गेल्या. पण जायचं नाही, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

आमच्यासोबत कुसुम आणि सावडीतलीच इंदू, दोघी तयार झाल्या. आत काय काय बघायचं यावरूनही वाद. पुस्तकात एवढी नावं की डोकं फिरावं. वेबसाइटवर हे चुकवूच नका, ते चुकवूच नका. शेवटी इंदूनं तोड काढली. "कांद्यासारखी सावड करू. एकेकीनं एकेक सांगायचं, बाकीच्या मुकाट तिच्यामागं." कुसुमनं मोठा पाळणा घेतला, इंदूनं भुताचं घर. मी जाड पुस्तकातली छोटी आगगाडी घेतली, कारण तिच्यात बसायला धाडस लागत नाही. आत्याबाईंनी काय घेतलं ते सांगायला नकोच.

माळशेज

दिवस धरला अमावस्येचा. आमच्या गावात अमावस्येला बैल जुंपत नाहीत, रानात काम नसतं, त्यामुळे सगळ्या मोकळ्या. जीपवाला दत्ताभाऊ मात्र कुरकुरला. "अमुशाला घाट? अवो वैनी, दुसरा दिवस न्हाई का?"

आत्याबाई पुढच्या सीटवर चढून बसल्यासुद्धा. "आमाला न्हाई अमुशा-बिमुशा. तू तुझं लिंबू बांध आन चल." त्यानं एकाऐवजी दोन लिंबं बांधली.

ओतूर मागं टाकल्यावर डोंगर जवळ येत गेले. उन्हाळ्यात घाट उघडाबोडका असतो, पण त्यामुळे कडे कसे वरपासून खालपर्यंत दिसतात. घाटात ठाकर बायका पळसाच्या द्रोणात करवंदं विकत होत्या. आम्ही तिथेच झाडाखाली शिदोरी सोडली. मी मासवड्या केल्या होत्या, बरोबर रस्सा डब्यात. दत्ताभाऊनं एवढ्या खाल्ल्या की कुसुम म्हणाली, "राव, जीप चढाला वढंल का आता?"

"आता समदा उतारच हाय," तो म्हणाला आणि आणखी एक उचलली.

आत्याबाई कड्याजवळच्या दगडावर बसून खाली कोकणाकडे बघत होत्या. मी करवंदं घेऊन जवळ गेले. त्या हळूच म्हणाल्या, "मंगल, पवायचं इसरले असंन तर गं?"

 मी करवंदांचा द्रोण त्यांच्या हातात दिला.

कल्याण

मुक्काम वन्संकडे, म्हणजे आत्याबाईंच्या मुलीकडे होता. वन्संनी ओले बोंबील तळले होते. आमच्याकडे बोंबील म्हणजे सुकवलेले, काडीसारखे कडक. हे असे मऊ की उचलताना तुटत होते. आत्याबाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "चव हाय, पर चावायला काय न्हाई." तरी ताट रिकामं झालं.

वन्सं एकदा पार्कला जाऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, चपला हरवतात, सोनं घालू नका. हे ना पुस्तकात होतं ना वेबसाइटवर, आणि तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. इंदूची एक चप्पल गेलीच.

पार्क

दरवाजातून आत गेल्यावर आधी मला गाण्याचा आवाज कळला, मग रंग, मग माणसं. आमच्या जत्रेसारखंच, पण धूळ नाही आणि कुणी ओरडून बोलावत नाही. सगळे गपगुमान रांगेत. जत्रेत पाळणेवाला ओळखीचा असतो, भाच्याला दोन फेऱ्या जास्त देतो. इथे घंटा वाजली की उतरायचं.

पहिली कुसुमची पाळी. मोठ्या पाळण्यात बसेपर्यंत तिची बडबड चालू होती. वर गेल्यावर ती इतकी गप्प झाली की इंदूनं तिला चिमटा काढून बघितला. खाली उतरल्यावर म्हणाली, "मला काय न्हाई झालं, मी देखावा बघत व्हते."

"डोळं मिटून?" आत्याबाई म्हणाल्या.

भुताच्या घरात उलटं झालं. इंदू घरी मांजर आडवं गेलं तरी थांबणारी. आम्हाला वाटलं ही आता मूर्च्छा येऊन पडणार. पण आतल्या एका भुताचा हात वर होताना मध्येच अडकला होता आणि नुसता कटकट वाजत होता. इंदूला इतकं हसू आलं की ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "ह्याचा खांदा उतरलाय गं, कुणीतरी चोळा."

मग माझी आगगाडी. जाड पुस्तकातला नकाशा हातात धरून मी सगळ्यांना तिथवर नेलं, तर तिथे मक्याची कणसं विकायची गाडी. तिथल्या बाईनं सांगितलं, आगगाडी कधीच मोडली. रूळ तेवढे गवतात दिसत होते. कुसुम म्हणाली, "चल, रुळावरनं चालू, तेवढंच." आम्ही चौघी कणसं खात एकामागं एक रुळावरून चाललो, कुसुम पुढे इंजिनसारखी शिट्टी मारत. लोक बघत होते. एरवी मी लाजेनं मेले असते, पण त्या दिवशी मीही डब्यासारखी चालले.

दुपार झाली. आत्याबाईंची पाळी.

कपड्यांच्या खिडकीवर एका मुलीनं चार गठ्ठे पुढे सरकवले. गडद निळी चड्डी, पायाच्या घोट्यापर्यंत नव्हती, पोटरीपर्यंतच होती. ढगळ सदरा. इंदू दोन पावलं मागं सरकली. "मी न्हाई बाई. घरी कळलं तर?"

"पोटऱ्या दिसत्यात गं," कुसुमसुद्धा म्हणाली. "काकू, आपन काठावर पाय सोडून बसू की."

मीही माझ्या गठ्ठ्याला हात लावला नाही. आत्याबाई गठ्ठा छातीशी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, झालं. एवढ्या लांब येऊन आता त्या "चला" म्हणतील आणि पुन्हा कधी ह्या गोष्टीचं नाव काढणार नाहीत.

त्या म्हणाल्या, "पाळी कुणाची हाय?"

आम्ही तिघींनी त्यांच्याकडे बघितलं.

"रान जिचं, काम ती सांगन ते. माझ्या तुकड्यात येता तवा चिखलात उतरू का नगं, असं इचारता व्हय? भरल्या वाफ्यात कासोटा खवून कांदं लावलं माझं, तवा नाय दिसल्या पोटऱ्या?"

कुसुमनं इंदूकडे बघितलं, इंदूनं माझ्याकडे. मग कुसुमनं आपला गठ्ठा उचलला. "चला गं. सावड मोडायची न्हाई."

आत्याबाईंचं लुगडं सोडून घडी घालायला मी आणि कुसुम लागलो. कपडे घालून आम्ही एकमेकींना धरून बाहेर आलो, चौघी चिकटून, जशा मेंढ्या. वाटलं होतं सगळं जग आमच्याकडे बघेल. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. कुसुमला तर थोडं वाईटच वाटलं.

दोरीच्या आतल्या कोपऱ्यात थोड्याच बायका होत्या. पायऱ्या उतरून आम्ही कमरेइतक्या पाण्यात गेलो आणि तेवढ्यात भोंगा झाला. समोरच्या भिंतीकडून पाणी उठलं. पहिली लाट आली आणि आम्ही सगळ्या आडव्या. नाकातोंडात पाणी. मी उठून बघते तर आत्याबाई दिसेनात.  मग त्या पायऱ्यांजवळ वर आल्या, खोकत, केस तोंडावर. मी त्यांना धरून पायरीवर बसवलं.

"इसरले गं," त्या म्हणाल्या. "अंगच ऐकंना."

लाटा थांबल्या. तळं पुन्हा ताटातल्या पाण्यासारखं झालं. मी म्हटलं, "आत्याबाई, बसा जरा." पण त्या माझा हात सोडून उठल्या. छातीइतक्या पाण्यात गेल्या आणि थांबल्या. मान वळवून एकदा आमच्याकडे बघितलं. मग पुढे झुकल्या, आणि त्यांचे पाय खालून सुटले. हात असे गेले, जसे पाखडताना जातात, न बघता, मोजून. एक हात, दुसरा हात. त्या चालल्या होत्या. पाणी फुटत नव्हतं, आवाज होत नव्हता. दोरीपर्यंत जाऊन वळल्या, परत आल्या, परत गेल्या.

इंदू तोंडावर हात ठेवून बघत होती. कुसुम ओरडली, "काकू! अवो काकू!"

आत्याबाई दोरीखालून पलीकडे निघाल्या तशी काठावरच्या रखवालदारानं शिट्टी मारली. "ओ आजी! दोरीच्या आत! आत!"

"आवं, आजी म्हनू नगा," कुसुम त्याला म्हणाली, "ती आता बारा वर्साची हाय."

आत्याबाई परत आल्या त्या पाठीवर, आभाळाकडे तोंड करून, हसत. आम्ही एवढ्या वर्षांत त्यांचे सगळे दात एकदम कधी पाहिले नव्हते. माझ्याजवळ येऊन त्या उभ्या राहिल्या आणि माझा दंड धरला. "चल. तू बी."

"मला न्हाई येत, आत्याबाई."

"यायचं काय असतंय त्यात? पाठ टाक. माझा हात हाय खाली."

मी डोळे घट्ट मिटले आणि पाठ टाकली. कानात पाणी शिरलं, सगळे आवाज लांब गेले. पाठीखाली त्यांचा तळवा लागत होता, खरखरीत, कांद्याच्या कामानं घट्टे पडलेला. "सैल सोड," त्या कुठूनतरी लांबून म्हणाल्या. "मान सैल सोड." मी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन मला कळेनासं झालं. मिटल्या पापण्यांवर नुसतं ऊन.

बऱ्याच वेळानं मी डोळे किलकिले केले. आत्याबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, दोन्ही हात डोक्यामागं नेऊन ओल्या केसांचा अंबाडा बांधत.